परसबागेची शिकवणी: जळगावातील एका बाग-मार्गदर्शन सेवेचा नऊ महिन्यांचा अनुभव

घरच्या बागेसाठी पैसे मोजून मार्गदर्शक नेमावा, ही कल्पना जळगावात अजून थोडी चमत्कारिकच वाटते. ज्या जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येकाचा एखादा काका, मामा किंवा मेहुणा केळी, कपाशी नाहीतर हरभरा पिकवतो, तेथे चार कुंड्यांतल्या मिरचीसाठी बाहेरच्या माणसाला फी द्यायची म्हणजे तापीकाठी राहून पाण्याच्या बाटल्या विकत घेण्यासारखे आहे, असे मला नातेवाइकांनी ऐकवले. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे माहेर यावल तालुक्यातले, शेतकऱ्याचे, त्यांनी तर पहिल्याच दिवशी विचारले, "ही शिकवणी झाडांना लावलीस का तुला?" त्या वेळी मी हसून विषय टाळला. आता मुदत संपली आहे, वहीत सगळा जमाखर्च लिहिलेला आहे (बँकेतल्या ३१ वर्षांच्या नोकरीने लावलेली सवय), तेव्हा त्या प्रश्नाचे नीट उत्तर देता येईल असे वाटते.

सेवेचे नाव या लेखात दिलेले नाही. ती चालवणाऱ्या ताई कृषी पदवीधर असून उद्यानविद्या हा त्यांचा विषय आहे, आणि त्या एकट्याच काम करतात. त्यांच्याकडे सध्या जेवढी घरे आहेत त्यापेक्षा जास्त घरे त्यांना सांभाळता येत नाहीत, म्हणून नाव छापू नका, अशी त्यांनीच विनंती केली. पुढे मी त्यांच्या कामातल्या उणिवाही लिहिणार आहे, हे त्यांना ठाऊक आहे आणि त्याला त्यांची हरकत नव्हती. अशा तऱ्हेची सेवा धुळ्यात, नाशकात किंवा अन्य कोठे कुणी देत असेल, तर ती घेताना काय पाहावे आणि काय मागावे, एवढे या परीक्षणातून कळले तरी पुरे.

आमचे घर महाबळ भागात आहे. मागच्या अंगाला साधारण अठरा फूट रुंद आणि बावीस फूट लांब मोकळी जागा, तिच्यात एक लिंबू, एक कढीपत्ता, केळीचे एक बेट आणि भिंतीलगत गुलाब. शिवाय गच्चीवर चौतीस कुंड्या, असा एकूण पसारा होता. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी हौसेने एका मोठ्या शहरातल्या कंपनीकडून गच्चीवरची बाग 'बसवून' घेतली होती. त्यांनी मार्च महिन्यात कोकोपीट भरलेल्या पिशव्या, चेरी टोमॅटो, लेट्यूस आणि परदेशी तुळशीची रोपे आणून मांडली, छायाचित्रे काढली आणि ते निघून गेले. अकरा हजार रुपये खर्च झाले होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लेट्यूस करपला, मेच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटोची फुले गळून पडली, आणि फोनवर मला सांगण्यात आले की रोपांना 'भरपूर सूर्यप्रकाश' मिळत नसावा. मे महिन्यात जळगावात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. येथे सूर्यप्रकाश कमी पडतो, हे वाक्य मी तोपर्यंत आयुष्यात ऐकले नव्हते.

या पार्श्वभूमीवर गेल्या वर्षी पोळा झाल्यावर मी ताईंना बोलावले. पहिल्या भेटीचे सहाशे रुपये होते आणि ती भेट दोन भागांत होती: सकाळी सात वाजता एक तास आणि त्याच दिवशी दुपारी चार वाजता अर्धा तास. ताई मूळच्या शिरपूरकडच्या, बोलता बोलता अहिराणीत शिरणाऱ्या; फाटकातून आत येताच "काय म्हनस झाड?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्या खरोखर ऐकून घेतात. पहिल्या दिवशी त्यांनी कोणत्याही झाडाला हात लावला नाही. त्यांनी माझ्या हातात खडू दिला आणि सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि पाच वाजता भिंतीची आणि टाकीची सावली जेथे पडते, तेथे गच्चीच्या फरशीवर रेघ ओढायला सांगितले. हेच काम डिसेंबरमध्ये आणि पुन्हा मार्चमध्ये करायचे होते. मला तो पोरखेळ वाटला होता, परंतु तिन्ही वेळच्या रेघा शेजारी शेजारी आल्यावर दिसले की हिवाळ्यात दिवसभर सावलीत असणारा कोपरा मार्चमध्ये थेट पश्चिमेच्या उन्हात येतो, आणि माझ्या मेलेल्या बहुतेक कुंड्या गेली चार वर्षे त्याच कोपऱ्यात ठेवलेल्या होत्या.

व्यक्तिगत मार्गदर्शनाचे मोल मला येथे पहिल्यांदा कळले. पुस्तकांत, चलचित्रांत आणि बियाण्यांच्या पाकिटांवर जे सहा ते आठ तास पूर्ण ऊन सांगितलेले असते, ते पुण्याच्या किंवा त्याहूनही थंड प्रदेशाच्या हिशेबाने सांगितलेले असते. सकाळी आठचे ऊन आणि दुपारी साडेतीनचे ऊन यांत खानदेशात जो फरक आहे तो त्या हिशेबात येत नाही. ताईंनी आमच्यासाठी जे वेळापत्रक लिहून दिले ते म्हणूनच रूढ वेळापत्रकाच्या जवळजवळ उलटे होते. टोमॅटो, कोबी, पालक, मेथी, कोथिंबीर, गाजर हे सगळे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. फेब्रुवारीनंतर गवार, भेंडी, चवळी, दोडके आणि तांदुळजा यांपलीकडे कशाचाही हट्ट धरायचा नाही. दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या वर गेले आणि रात्रही उबदार राहू लागली की टोमॅटोचे पराग निकामी होतात आणि फूल फळ न धरताच गळते, हे कारण त्यांनी सांगितले तेव्हा त्या कंपनीवरचा माझा राग थोडा निवळला. त्यांनी फसवले नव्हते, त्यांना जळगाव ठाऊक नव्हते इतकेच.

पाण्याविषयीचा धडा मात्र सगळ्यांत लांब चालला, आणि मी सगळ्यांत हट्टी विद्यार्थिनी ठरले तीही त्यातच. मी रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक कुंडीला पाणी घालत असे आणि त्यात मला पुण्य लाभल्यासारखे वाटे. ताईंनी 'वाफसा' या एका शब्दावर पूर्ण भेट घालवली. शेतकऱ्याच्या घरात हा शब्द रोजचा आहे: जमिनीत ओल असावी, पण मातीच्या कणांमध्ये हवाही खेळावी, मूठ वळावी आणि धक्का लागताच फुटावी, ती स्थिती म्हणजे वाफसा. कुंडीतही तोच लागतो, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. त्यासाठी त्यांनी सांगितलेले साधन म्हणजे जळून गेलेल्या उदबत्तीची काडी. ती कुंडीत चार बोटे खोल खुपसून पाच मिनिटांनी काढायची. काडी ओली आणि मातीने माखलेली निघाली तर त्या दिवशी पाणी नाही. पहिल्या आठवड्यात चौतीसपैकी एकवीस कुंड्यांना दुसऱ्या दिवशीही पाण्याची गरज नव्हती. काळी माती थेट कुंडीत भरली की ती ओली असताना चिकट होऊन बसते आणि वाळली की आक्रसून कडेने भेग पडते, मग घातलेले पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जाते. वरून कुंडी वाहते आणि आत मुळे कोरडी राहतात. काळी माती, शेणखत आणि जाडसर वाळू किंवा भाताची तुसे समप्रमाणात मिसळून आम्ही सगळ्या कुंड्या हळूहळू पुन्हा भरल्या.

याच ओघात दोन गोष्टी कळल्या ज्या मला आधी कुणीच सांगितल्या नव्हत्या. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि पिण्यासाठी शुद्धीकरण यंत्र आहे. त्या यंत्रातून वाया जाणारे पाणी फुकट जाऊ नये म्हणून मी ते काटकसरीने कुंड्यांना घालत होते. त्या वाया जाणाऱ्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार अधिकच दाट झालेले असतात, आणि कुंड्यांच्या काठावर जो पांढरा थर चढला होता तो त्याचाच पुरावा होता. ते पाणी आता फरशी पुसायला जाते; वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मात्र क्षारविरहित असल्यामुळे बादलीत धरून कुंड्यांना घातले जाते. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची: गच्चीवरच्या टाकीतले पाणी मे महिन्यात संध्याकाळी सात वाजतासुद्धा हाताला चटका देण्याइतके तापलेले असते आणि तेच आपण तहानलेल्या मुळांवर ओततो. पहाटे पाणी बादल्यांत काढून सावलीत ठेवावे आणि संध्याकाळी तेच वापरावे, इतका साधा हा उपाय आहे. इतकी वर्षे नळाला पाणी येण्याची वेळ सांभाळण्यात गेली, त्या पाण्याच्या उष्णतेचा विचार कधी मनात आला नाही.

गुलाबाची गोष्ट जरा लाजिरवाणी आहे. भिंतीलगतचा एक गुलाब तीन वर्षांत सात फूट वाढला होता, पाने हिरवीगार होती, परंतु फूल एकही नव्हते. मी त्याला हाडांचा चुरा, निंबोळी पेंड, चहाचा चोथा, जे जे कानावर आले ते सर्व घातले होते. ताईंनी खाली बसून बुंध्याजवळची माती बाजूला केली आणि कलमाचा जोड दाखवला. त्या जोडाच्या वरचा, म्हणजे मी विकत आणलेला तांबडा गुलाब केव्हाच वाळून गेला होता आणि जोडाच्या खालून फुटलेला रानटी खुंट तेवढा माजला होता. तीन वर्षे मी खुंटाला खाऊ घालत होते. असा फुटवा दिसताच तो कापू नये, मुळाशी ओढून उपटून काढावा, कारण कापला की तो पुन्हा दुप्पट जोमाने फुटतो, हे मी आता शेजारणींना सांगत असते.

कागदी लिंबाच्या बाबतीत मात्र ताई स्वतः चुकल्या, आणि ती चूक या सेवेच्या एका मूलभूत मर्यादेवर बोट ठेवते. करारानुसार महिन्याला एक भेट आणि दरम्यान व्हॉट्सअ‍ॅपवर आठवड्याला दोन प्रश्न विचारता येतात. ऑक्टोबरमध्ये लिंबाची पाने पिवळी पडलेली दिसली म्हणून मी छायाचित्रे पाठवली; त्यांनी नत्राची कमतरता असावी असे म्हणून शेणखत आणि पेंड वाढवायला सांगितले. पाच आठवडे काहीच फरक पडला नाही. नोव्हेंबरच्या भेटीत त्यांनी प्रत्यक्ष झाड पाहिले आणि लगेच चूक कबूल केली: पिवळी झालेली पाने शेंड्याकडची, कोवळी होती आणि त्यांच्या शिरा हिरव्याच राहिल्या होत्या, म्हणजे हा लोहाचा अभाव होता, नत्र कमी पडले असते तर आधी खालची जुनी पाने पिवळी झाली असती. छायाचित्रात मी नेमकी खालच्या फांदीची पाने काढली होती, हा माझा दोष. परंतु कोणत्या फांदीची पाने पाहिजेत हे त्यांनी विचारले नाही, हा त्यांचा.

त्यानंतरचे काम मात्र त्यांनी फार नेटाने केले. बुंध्यापासून तीन फुटांवर दीड फूट खोल खड्डा घ्यायला लावला, तेव्हा आतून सिमेंटचे ढेकळे, विटांचे तुकडे आणि चुन्याची पांढरी भुकटी निघाली. घर बांधताना ठेकेदाराने राडारोडा तेथेच पुरून वर काळी माती पसरली होती. मातीचा नमुना तपासणीस दिला, त्यात सामू (पीएच) ८.४ आला आणि चुनखडीचे प्रमाणही जास्त निघाले. अशा मातीत लोह असते, परंतु ते झाडाला घेता येत नाही, म्हणून ते पानांवाटे द्यावे लागते. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून पंधरा दिवसांच्या अंतराने संध्याकाळच्या वेळी तीन फवारण्या केल्या, आणि बुंध्याभोवतीचा राडारोडा जमेल तेवढा काढून तेथे कुजलेले शेणखत भरले. फेब्रुवारीत आलेली नवी पालवी पूर्ण हिरवी होती. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेर येणारी, फुले त्याच सुमारास आली आणि जूनअखेर झाडावर बारा लिंबे आहेत. बारा म्हणजे काही फार नव्हेत, परंतु आधीच्या पाच वर्षांची बेरीज शून्य होती. यात एक तक्रार राहतेच. हिराकसाचे पाणी फरशीवर पडले की तांबेरलेले डाग पडतात आणि ते निघत नाहीत, हे फवारणीपूर्वी सांगायला हवे होते. आमच्या मागच्या ओट्यावर आता कायमची नक्षी आहे.

सासूबाई आणि ताई यांचे संबंध हा खरे तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. सुरुवातीला आई खुर्चीत बसून नुसत्या पाहत असत आणि ताई गेल्या की "हे तर मलाही ठाऊक होतं" असे म्हणत. ताईंनी ते ओळखले असावे, कारण दुसऱ्या भेटीपासून त्यांनी आपला प्रत्येक सल्ला आधी "आजी, तुमच्याकडे काय करायचे?" असे विचारून मगच द्यायला सुरुवात केली. आईंना भरताची वांगी हवी होती. बाजारातल्या जांभळ्या वांग्यांचे भरीत त्या भरीत मानतच नाहीत. जळगावच्या हिरव्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, परंतु ते शेतातले पीक. कुंडीत ते येईल का, अशी मला शंका होती. ताईंनी अठरा इंची पिशवीत एकच रोप, एका वेळी झाडावर चार-पाचच फळे, आणि शेंडा मलूल होऊन लोंबताना दिसला की त्याच दिवशी तो दोन बोटे खालून कापून आतल्या अळीसह नष्ट करायचा, असे तीन नियम घालून दिले. शेंडे पोखरणारी अळी पुढे फळात शिरते, त्यामुळे रोज सकाळी चष्मा लावून शेंडे पाहण्याचे काम आईंनी स्वतःकडे घेतले. तीन रोपांवर मिळून डिसेंबर-जानेवारीत चौदा वांगी निघाली. ती कपाशीच्या काड्यांवर भाजून कळण्याच्या पुरीबरोबर खाल्ल्यावर आईंनी ताईंच्या फीविषयी बोलणे बंद केले.

केळीच्या बाबतीत मात्र ताईंनी आईंचे ऐकले नाही. मागच्या बेटाजवळच मांडवावर काकडी चढवण्याची आमची जुनी पद्धत होती. जिल्ह्यातल्या केळीबागांवर जो हरण्या रोग येतो तो काकडीवरच्या मोझॅक विषाणूमुळेच होतो आणि मावा कीड तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. म्हणून केळीच्या शेजारी काकडीवर्गीय वेल, टोमॅटो किंवा मिरची ठेवायची नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. आमच्या घरच्या पाच खुंटांचे काय ते नुकसान किरकोळ. परंतु शहराला लागूनच केळीची शेते आहेत, तेव्हा घरच्या बागेनेही तेवढी जबाबदारी पाळली पाहिजे, हा त्यांचा मुद्दा मला पटला. काकडीचा मांडव गच्चीवर गेला. केळीची वाळलेली पाने मात्र आच्छादन म्हणून कुंड्यांवर पसरायला त्यांनीच सांगितले, आणि उन्हाळ्यात त्याचा जितका उपयोग झाला तितका विकतच्या कशाचाही झाला नाही.

उन्हाळ्याची तयारी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) बरीच आधी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच सुरू झाली. पन्नास टक्के सावली देणारी हिरवी जाळी आम्ही आणलेली होतीच, परंतु ती मी दरवर्षी डोक्यावर चार फुटांवर ताणून बांधत असे आणि खालची हवा कोंडून झाडे उकडून निघत. या वेळी जाळी साडेसात फुटांवर बांधली, पश्चिमेकडून तिचा एक पडदा खाली सोडला आणि पूर्व व उत्तर बाजू मोकळ्या ठेवल्या. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या तापून मुळे भाजतात, म्हणून त्या एकमेकींना खेटून ठेवल्या, बाहेरच्या ओळीला ओले गोणपाट गुंडाळले आणि सर्व कुंड्या विटांवर चढवल्या. चौतीसपैकी एकतीस कुंड्या मे पार करून गेल्या. मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर करून त्याला दहा-बारा दिवस पाण्याचा ताण दिला होता, त्याने तर एप्रिलभर घर सुवासिक ठेवले. मात्र मेच्या अखेरीस वळवाच्या वादळात जाळीचा पश्चिमेकडचा पडदा दोन ठिकाणी फाटला. सोसाट्याचा वारा येणार असे दिसले तर पडदा वर गुंडाळून बांधायचा, ही सूचना वादळानंतर आली.

आता सरळसरळ उणिवा. व्हॉट्सअ‍ॅपवरील प्रश्नाला चोवीस तासांत उत्तर मिळेल असे ठरले होते. लग्नसराईत आणि दिवाळीत ते तीन-तीन दिवसांनी मिळाले, आणि पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारी कीड) तीन दिवस थांबत नाहीत. सुरुवातीला दिलेली चौदा पानांची पीडीएफ योजना मुख्यतः सर्वसाधारण माहितीने भरलेली होती. आमच्या बागेविषयीची पाने जेमतेम तीन होती, बाकीची अकरा कोणत्याही घराला चालली असती. फेब्रुवारीची भेट त्यांच्या घरगुती अडचणीमुळे हुकली आणि ती पुढे भरून दिली गेली नाही. पैसे मात्र आगाऊ घेतलेले होते. घरातल्या शोभेच्या झाडांविषयी त्यांना फारसे गम्य नाही, आणि हे त्या स्वतःच सांगतात. हिरवळीचा विषय काढला की त्या चक्क रागावतात. पाण्याची टंचाई असलेल्या गावात हिरवळ हा अपराध आहे, असे त्यांचे मत आहे. मला हिरवळ नकोच होती, परंतु ज्यांना हवी असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक बाब आहे जी काहींना उणीव वाटेल, मलाही ती पहिले दोन महिने वाटली. ताई कात्रीला हात लावत नाहीत. छाटणी कोठे करायची ते त्या दाखवतात, खडूने खूण करतात, आणि मग तुमचा हात चालेपर्यंत उभ्या राहतात. गुडघेदुखी असलेल्या बाईने पैसे देऊनही स्वतःच माती उपसायची, हे काही न्यायाचे नाही असे मी एकदा म्हणाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काकू, माळी लावायचा असेल तर मी चांगला माणूस सुचवते, तो माझ्यापेक्षा स्वस्त पडेल." ते खरेच होते. आमच्या गल्लीत येणारा माळी महिन्याला पाचशे रुपयांत चार वेळा येतो आणि हातही चांगला चालवतो. परंतु झाड पिवळे का पडले, याचे त्याचे उत्तर नेहमी 'खत टाका' हेच असते. रोपवाटिकेतला सल्ला फुकट मिळतो, मात्र तो एखादी पुडी विकत घेतल्याशिवाय संपत नाही. कृषी सेवा केंद्रात बोलावे तर सगळे प्रमाण एकरी, आणि पंपाच्या टाकीच्या मापाने. एका कुंडीला किती, हा प्रश्न विचारला की दुकानदार आपल्याकडे दयेने पाहतो. ताई कोणत्याही दुकानाकडून दलाली घेत नाहीत, आणि नऊ महिन्यांत त्यांनी सांगितलेली बहुतेक खरेदी शेणखत, निंबोळी पेंड, हिराकस आणि गोणपाट यांपलीकडे गेली नाही, हे वहीवरून दिसते.

वहीतले आकडे असे: पहिली भेट ६०० रुपये, नऊ महिन्यांचा करार ५,४०० रुपये, साहित्य आणि माती तपासणी मिळून २,८४० रुपये. एकूण ८,८४० रुपये. त्याच्या आदल्या वर्षी नुसती रोपे, औषधांच्या पुड्या आणि मेलेल्या झाडांच्या जागी पुन्हा आणलेली रोपे यांवर मी ७,२०० रुपये घातले होते आणि हाती जवळजवळ काही लागले नव्हते. भाजी विकत घेण्यापेक्षा घरची स्वस्त पडते, असा दावा मी करणार नाही. जळगावच्या बाजारात हिवाळ्यात मेथीची जुडी ज्या भावाने मिळते ते पाहता तो दावा हास्यास्पद ठरेल. पैसे कशासाठी गेले असे कुणी विचारले, तर मुख्यतः काय करू नये हे कळण्यासाठी गेले, असे मी सांगेन: रोज पाणी घालू नये, शुद्धीकरण यंत्राचे पाणी घालू नये, फेब्रुवारीत टोमॅटो लावू नये, खुंटाला खत घालू नये.

ज्यांच्याकडे दोन-चारच कुंड्या आहेत त्यांनी पहिली सहाशे रुपयांची भेट तेवढी घ्यावी. खडूच्या रेघा, उदबत्तीची काडी आणि एका ऋतूचे वेळापत्रक एवढे हाती आले तर ते पैसे वसूल होतात. ज्यांच्याकडे जमिनीतली झाडे आहेत, विशेषतः नव्या बांधकामाभोवतीची, त्यांनी करार करावा, मात्र माती तपासणी पहिल्याच महिन्यात करून घेण्याचा आग्रह धरावा आणि हुकलेल्या भेटीचे काय, हे आधीच लिहून घ्यावे. छायाचित्रांवर चालणारा सल्ला कुणी विकत असेल तर तो माझ्या मते घेऊ नये. प्रत्यक्ष भेटीशिवाय लिंबाचे दुखणे शेवटपर्यंत कळले नसते.

मी स्वतः नऊ महिन्यांचा करार पुन्हा केलेला नाही. पुढील वर्षासाठी दोनच भेटी ठरवल्या आहेत, एक पोळ्यानंतर आणि दुसरी होळीच्या सुमारास, जाळी बांधण्यापूर्वी. ताईंनी ते आनंदाने मान्य केले आणि नवी योजना या वेळी तीनच पानांची पाठवली. तिच्यात भिंतीलगतच्या त्या रानटी गुलाबासमोर 'काढून टाकणे' असे लिहिलेले होते, परंतु आईंनी त्याला नकार दिला. तीन वर्षे खाऊन वाढलेले झाड आहे, असू दे, चिमण्या बसतात, असे त्या म्हणाल्या. सुधारित योजनेत आता त्या जागी 'आजींचा खुंट, पाणी नको, खत नको' अशी नोंद आहे.